एनपीए दिले तरी पाने येतच राहिली: पान कधी ठरते आणि कधी दिसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टोमॅटोचे शेंडे 10 मायक्रोमोलर एनपीए (ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची पेशींमधली वाहतूक अडवणारे रसायन) घातलेल्या माध्यमावर आठ दिवस ठेवले. शेंडा सुईसारखा उघडा पडायला हवा होता, पण प्रत्येक शेंड्यावर तीन-तीन पाने वाढली आणि एक-दोन शेंड्यांवर पेल्यासारखे विचित्र पान आले. दुसरे, अरॅबिडॉप्सिसच्या (मोहरीच्या कुळातले, प्रयोगशाळेत वापरतात ते छोटे रोप) 20 रोपांत लागोपाठच्या पानांमधले कोन मोजले, तर सरासरी सर्पिल मांडणीतल्या अपेक्षित 137.5 अंशांऐवजी 178 आली. तिसरे, त्याच फळीवर ठेवलेल्या, एनपीए न दिलेल्या काही कुंड्यांत टोमॅटोची नवी पाने दोऱ्यासारखी अरुंद निघत आहेत. हाही ऑक्झिनचाच गोंधळ आहे का?

आधी एक सांगतो: पहिला प्रयोग बहुधा फसलेला नाही. तो चुकीच्या जागी पाहिला गेला आहे. दुसऱ्यात मापे बरोबर असावीत, सरासरी काढायची पद्धत चुकली आहे. तिसऱ्यात शंका अर्धी बरोबर आहे. तिन्ही ठिकाणी अडचण एकच: डोळ्यांना दिसणारे पान आज घडते आहे असे आपण धरून चालतो, पण त्याची जागा, त्याच्या दोन बाजू आणि त्याची कड या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी ठरतात, आणि पहिल्या दोन तर पान अर्ध्या मिलिमीटरचे होण्याआधीच ठरून गेलेल्या असतात.

म्हणून पहिली सवय क्रमांकांची लावून घ्या. शेंड्याच्या घुमटावर नुकताच उठलेला सर्वांत लहान फुगवटा म्हणजे पी-1. त्याच्या आधीचा पी-2, त्याच्या आधीचा पी-3. ज्या जागी अजून काहीच उठलेले नाही, पण पुढचे पान येणार हे ठरलेले आहे, ती जागा आय-1 आणि तिच्यानंतरची आय-2. एका पानापासून पुढच्या पानापर्यंतचा काळ म्हणजे एक प्लास्टोक्रोन. चांगल्या उजेडात, साधारण 25 अंश सेल्सिअसला टोमॅटोत तो दोन-तीन दिवसांचा धरा. उपचार केला त्या दिवशी कोणते पान कोणत्या क्रमांकावर होते, हे वहीत लिहिलेले नसेल तर पुढचे निरीक्षण वाचताच येत नाही.

टोमॅटोचा हा घुमट जेमतेम 0.15 ते 0.2 मिलिमीटर रुंद असतो; अरॅबिडॉप्सिसचा त्याहून बराच लहान. मधल्या भागात पेशी सावकाश विभागतात आणि मूळपेशींचा साठा टिकवतात. वुशेल हे जनुक तो साठा वाढवते, क्लावाटा-3 हा संकेत वुशेलला आवर घालतो. या दोघांच्या ओढाताणीतून घुमटाचा आकार जवळपास कायम राहतो. पाने मात्र मधून कधीच येत नाहीत, ती सभोवतालच्या पट्ट्यातून येतात. त्या पट्ट्यात जिथे पान येणार तिथे पेशींना घुमटाच्याच अवस्थेत ठेवणारी नॉक्स गटातली जनुके आधी बंद होतात. फुगवटा दिसण्यापूर्वीच ती बंद झालेली असतात, त्यामुळे आय-1 ओळखण्याची ती उत्तम खूण आहे. पानासाठी बाजूला काढलेल्या पेशी काही एक-दोन नसतात: तंबाखूत त्या 50 ते 100 असतात, मक्यात साधारण 200, आणि मक्यात तर त्या घुमटाला कड्यासारखा वेढा घालतात. मक्याच्या पानाचे बूड आवरणासारखे खोडाला गुंडाळलेले असते त्याचे मूळ तिथे आहे.

आता जागा कशी ठरते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टरने 1868 मध्येच निरीक्षण नोंदवले होते की नवे पान आधीच्या पानांपासून सर्वांत मोकळ्या जागी येते. 1930 च्या दशकात स्नो दांपत्याने ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या शेंड्यावर बारीक छेद देऊन दाखवले की आय-1 ची किंवा पी-1 ची जागा तोडून वेगळी केली, तर पुढच्या पानांची जागा सरकते. म्हणजे जुनी पाने शेजारच्या जागेवर काहीतरी बंदी घालतात. ही बंदी म्हणजे नेमके काय, हे कळायला बराच काळ गेला. उत्तर थोडे उलटे निघाले: जुने पान काही सोडत नाही, ते ओढून घेते. घुमटाच्या सर्वांत बाहेरच्या थरात पिन-1 हे प्रथिन प्रत्येक पेशीच्या एका बाजूला जमते आणि त्या बाजूने ऑक्झिन बाहेर सोडते. ज्या शेजारणीत ऑक्झिन जास्त, तिच्याकडे पिन-1 चे तोंड वळते. आहे त्याच्याकडेच आणखी जाते, त्यामुळे एका ठिकाणी ऑक्झिनचा साठा होतो आणि आजूबाजूचा भाग कोरडा पडतो. साठा झाला ते आय-1, कोरडा पडला तो बंदीचा भाग. साठलेले ऑक्झिन मग तिथूनच आतल्या थरांत उतरते आणि त्याच वाटेने पुढे पानाची मधली शीर तयार होते. म्हणजे पानाची जागा आणि त्याची मुख्य शीर एकाच घटनेतून निघतात. शीर नंतर येऊन पानाला जोडली जात नाही.

यात एक उपकथानक आहे, ते सोडवत नाही. 1992 मध्ये दुआदी आणि कुदे या दोघांनी तेलाच्या थाळीत चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने सोडले. थेंब एकमेकांना ढकलत बाहेर सरकायचे. थेंबांमधला वेळ आणि सरकण्याचा वेग यांचे प्रमाण बदलले की कधी समोरासमोर रांग लागायची, कधी 137.5 अंशांची सर्पिल मांडणी आपोआप उभी राहायची. तिथे ना पेशी, ना जनुक. त्यामुळे 137.5 हा आकडा वनस्पतीत कुठेतरी लिहून ठेवलेला आहे असे समजू नका. बंदीचा पल्ला घुमटाच्या मानाने किती मोठा, यावर मांडणी ठरते. तुळशीत आणि रुईत दोन पाने समोरासमोर येऊन पुढची जोडी 90 अंशांनी वळते, कण्हेरीत तिघांचे वर्तुळ असते, मक्यात 180 अंश. यंत्रणा तीच, मापे वेगळी.

एनपीए या यंत्रणेच्या मुळावरच बसते. ते पिन प्रथिनांना थेट चिकटते आणि ऑक्झिनचे बाहेर जाणे थांबवते. राइनहार्ट, मांडेल आणि कुलेमायर यांनी 2000 मध्ये टोमॅटोच्या शेंड्यांवर हेच केले. पाने येणे थांबले, शेंडा नुसत्या सुईसारखा वाढत राहिला, आणि त्या सुईच्या कडेला ऑक्झिनचा सूक्ष्म थेंब ठेवला तर तिथेच पान उठले. तुमची मात्रा तीच आहे. मग पाने का आली?

कारण शेंडा कापताना तुम्ही पी-1, पी-2 आणि पी-3 तसेच ठेवले. त्यांची जागा ठरून गेली होती. एनपीए नवीन साठा होऊ देत नाही, आधी सुरू झालेले पान थांबवत नाही. तीन पाने म्हणजे तेच तिघे. पेल्यासारखे पान बहुधा आय-1 चे आहे: त्याचा साठा सुरू झाला होता, पण कडेने कोरडा पट्टा पुरता पडलेला नव्हता. साठा पसरला, पानाची सीमा आखली गेली नाही आणि फुगवटा घुमटाभोवती वळून जुळला. आता ती तीन पाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तळाशी मोडा. आत 0.2 ते 0.5 मिलिमीटरची गुळगुळीत सुई दिसण्याची शक्यता मोठी आहे. पाने मोडल्याशिवाय ती दिसणार नाही, कारण टोमॅटोची कोवळी पाने शेंड्यावर आत वळून झाकण घालतात.

पुढच्या खेपेला असे करा. बी रुजल्यापासून 10 ते 14 दिवसांची रोपे घ्या. बीजदले आणि मोठी पाने कात्रीने काढा. मग 5 क्रमांकाचा टोकदार चिमटा आणि इन्सुलिनच्या सिरिंजची 30 गेजची सुई घेऊन 40 पटीच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पी-3 आणि त्याहून मोठी पाने काढा. पी-2 ठेवणे बरे. सगळेच काढले तर घुमट वाळतो किंवा जखमेमुळे बंद पडतो, आणि मग पाने आली नाहीत याचे श्रेय एनपीएला द्यायचे की जखमेला, हे सांगता येत नाही. खोडाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा खाली ठेवून शेंडा उभा रोवा. माध्यम म्हणजे मुराशिगे-स्कूगचे क्षार, 2 टक्के साखर, 0.8 टक्के अगार, आणि अगदी थोडे जिबरेलिन व सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरके, 10 ते 100 नॅनोमोलरच्या पातळीवर. सायटोकायनिन वगळले तर कापलेला शेंडा पुष्कळदा नुसता बसून राहतो.

एनपीएचा रेणुभार 291.3. 29.1 मिलिग्रॅम पूड 10 मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवली की 10 मिलिमोलर साठा होतो. त्यातला 1 मिलिलिटर एक लिटर माध्यमात म्हणजे 10 मायक्रोमोलर. हा साठा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. माध्यम 50-55 अंशांपर्यंत निवले की मिसळा. तुलनेच्या थाळीत तेवढेच, म्हणजे 0.1 टक्का डीएमएसओ हवे, आणि तिथले शेंडेही तसेच कापलेले हवेत. शेंडे लावले त्या दिवशी प्रत्येकात किती फुगवटे शिल्लक होते ते मोजून ठेवा. शेवटी मोजायचे ते ‘एकूण पाने’ नव्हे, ‘लावल्यानंतर नव्याने उठलेली पाने’. तुलनेच्या थाळीत 10 दिवसांत तीन ते पाच नवी पाने आली आणि एनपीएत शून्य किंवा एक, तर प्रयोग जमला. आठ दिवस कमी पडतात, 12 ते 14 द्या.

अरॅबिडॉप्सिसवर हाच प्रयोग करायचा मोह टाळा. त्याच्या पिन-1 उत्परिवर्तीत (पिन-1 चे जनुक बिघडलेल्या रोपात) फुलोऱ्याचा दांडा उघडा सुईसारखा येतो हे प्रसिद्ध आहे, पण जमिनीलगतची पाने त्यालाही येतात. वेडीवाकडी, जोडलेली, पण येतात. पानांच्या टप्प्यावर तिथे पिन-1 शिवायही काही भागते. टोमॅटोत निकाल जास्त स्वच्छ मिळतो.

सुई मिळाली की पुढचा भाग खरा रंजक आहे. इंडोल ॲसिटिक आम्लाचे, म्हणजे नैसर्गिक ऑक्झिनचे, 1.75 मिलिग्रॅम 50 मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा, 40-45 अंशांवर वितळलेल्या एक ग्रॅम लॅनोलिनमध्ये (लोकरीच्या मेणात) घोटा. हे साधारण 10 मिलिमोलर होते. रंगाचा कण घाला, नाहीतर थेंब कुठे पडला ते दिसत नाही. ओढून बारीक केलेल्या काचनळीच्या टोकाने किंवा काठीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने सुईच्या टोकाच्या किंचित खाली, कडेला, टिपका ठेवा. दोन ते चार दिवसांत फुगवटा दिसतो. तीन चुका नेहमी होतात. थेंब मोठा पडतो आणि एका पानाऐवजी कॉलरसारखे कडे उठते. टिपका घुमटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नको. थेंब अगदी टोकावर ठेवला जातो. तिथे पान उठत नाही, कारण मधल्या पेशी ऑक्झिन मिळूनही पान बनवायला तयार नसतात, उठलेच तर खाली कडेला उठते. तिसरी चूक म्हणजे इंडोल ॲसिटिक आम्ल उजेडात ठेवणे, ते मोडते. लॅनोलिनचा लेप गडद बाटलीत, शीतपेटीत, आणि दर खेपेला ताजा असलेला बरा. ‘टिकाऊ आहे’ म्हणून 2,4-डी हे कृत्रिम ऑक्झिन वापरू नका. वनस्पतीची बाहेर सोडणारी यंत्रणा ते नीट हलवत नाही, ते पेशीतच साचते आणि पानाऐवजी नुसती सूज मिळते.

कोनांकडे येतो. 178 हा आकडा पाहताच कारण लक्षात येते. अरॅबिडॉप्सिसची काही रोपे घड्याळाच्या दिशेने पाने टाकतात, काही उलट दिशेने, आणि हे प्रमाण जवळपास निम्मे-निम्मे असते. तुम्ही सर्व रोपांत एकाच दिशेने कोन मोजला. उजव्या हाताच्या, म्हणजे तुमच्या मोजण्याच्या दिशेने फिरणाऱ्या, रोपाने 137.5 दिला, डाव्या हाताच्या रोपाने 360 वजा 137.5, म्हणजे 222.5. दोन्ही सारखे असतील तर सरासरी बरोबर 180. तुमची 178 आली याचा अर्थ 20 पैकी 10-11 रोपे एका हाताची होती आणि उरलेली दुसऱ्या. तुमच्या मोजमापाबद्दल हे चांगलेच लक्षण आहे.

यावर पुष्कळ जण सोपा उपाय करतात: दर वेळी दोनपैकी लहान कोन घ्यायचा. तो करू नका, कारण त्याने एक महत्त्वाची गोष्ट पुसली जाते. घुमटावर दोन अवयव जवळजवळ एकाच वेळी उठले, तर खोडावर त्यांचा वर-खाली क्रम उलटू शकतो. फुलोऱ्याच्या दांड्यावर हे नेहमीचे आहे. अशा ठिकाणी 137.5, 137.5, 137.5 च्या जागी 275, 222.5, 275 असे तीन कोन ओळीने मिळतात. ही मांडणी बिघडल्याची खूण नाही, फक्त क्रम बदलला आहे. तिघांची बेरीज 772.5, त्यातून दोन फेऱ्यांचे 720 अंश आणि तीन शुद्ध कोनांच्या 412.5 मधून एका फेरीचे 360 वजा केले, तर दोन्हीकडे 52.5 च उरतात. लहान कोन घेण्याचा नियम लावला की 275 चे 85 होतात आणि हे कोडे कधीच सुटत नाही. एएचपी-6 हे जनुक सायटोकायनिनचा संकेत आवरून दोन अवयवांमधला वेळ नेमका राखते. ते बंद पडले की अशा अदलाबदली वाढतात.

तेव्हा आधी प्रत्येक रोपाचा हात, म्हणजे फिरण्याची दिशा, ठरवा. बहुसंख्य कोन ज्या दिशेने 180 हून कमी येतात ती त्या रोपाची दिशा, मग सर्व कोन त्याच दिशेने 0 ते 360 मध्ये मोजा. पहिली चार-पाच पाने सोडून द्या: बीजदले समोरासमोर असतात, पहिली दोन पानेही त्यांच्याशी काटकोनात जवळपास समोरासमोर येतात आणि त्यांनंतर कोन हळूहळू 137.5 कडे सरकतो. ती धरली तर प्रसार उगाच वाढतो. रेषा केंद्रापासून देठाच्या बुडापर्यंत ओढा, पात्याच्या टोकापर्यंत नको. देठ उजेडाकडे वळतो, बूड वळत नाही. कोणते पान आधीचे हे आकारावरून ठरवू नका, दर दोन दिवसांनी वरून छायाचित्र घ्या. 20 रोपांतले प्रत्येकी पाच कोन म्हणजे 100 मापे पुरतात. प्रमाणित विचलन 10 ते 20 अंश आले तर घाबरू नका, जिवंत घुमट एवढा हलतोच. आणि सरासरी वर्तुळाकार मापांची काढा. 350 आणि 10 यांची साधी सरासरी 180 येते, खरी 0 आहे.

त्याहून शुद्ध कोन हवे असतील तर शेंड्याचे आडवे छेद घ्या. 50 मिलिलिटर इथेनॉल, 10 मिलिलिटर 37 टक्क्यांचे फॉर्मॅलिन, 5 मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि 35 मिलिलिटर पाणी हे मिश्रण करा, शेंडे त्यात बुडवून 15-20 मिनिटे निर्वात द्या, आणि ते बुडाशी बसले की रात्रभर ठेवा. तरंगत राहिले तर आत हवा आहे. तसेच मेणात घातले तर छेदात नेमका घुमट फाटतो. 8 मायक्रोमीटरचे छेद, 0.05 टक्के टोल्युडीन ब्लू हा रंग. छेद तिरका गेला की वर्तुळ लंबगोल होते आणि कोन खोटे येतात. खोडाचा काप गोल दिसतो ना, हे आधी पाहा.

दुसरा निर्णय बाजूंचा. पानाचे वरचे अंग म्हणजे घुमटाकडे तोंड असलेले, खालचे म्हणजे घुमटापासून दूरचे. वनस्पतिशास्त्रज्ञ ससेक्सने 1950 च्या सुमाराला बटाट्याच्या शेंड्यावर घुमट आणि आय-1 यांच्यामध्ये उभा छेद दिला, आणि त्या जागी चपट्या पानाऐवजी काडीसारखा गोल अवयव आला, सगळीकडून खालच्या अंगाचा. म्हणजे ‘तू वरचे अंग हो’ हे घुमटाकडून कळावे लागते. छेद पी-2 झाल्यावर दिला तर काहीच फरक पडत नाही, निरोप पोचलेला असतो. हा छेद करून पाहायचा असेल तर तो वरच्या थराला पूर्ण तोडणारा हवा. टोमॅटोत लेझरने नुसता सर्वांत बाहेरचा थर जाळला तरी परिणाम मिळतो, म्हणजे निरोपाची वाट त्या थरातून आहे. छेद अपुरा राहिला की नेहमीचे पान येते आणि लोक ‘आमच्याकडे जमले नाही’ म्हणून सोडून देतात.

आत काय चालते ते असे. वरच्या अंगात एचडी-झिप-3 गटाची जनुके, खालच्या अंगात कॅनाडी आणि ऑक्झिनला प्रतिसाद देणारी एआरएफ-3 व एआरएफ-4. खालच्या बाजूला मायक्रो-आरएनए 165 आणि 166 (जनुकांचे संदेश मोडणारे छोटे आरएनए) एचडी-झिप-3 चे संदेश कापतात. वरच्या बाजूला टॅस-3 या जनुकापासून बनणारे छोटे आरएनए एआरएफ-3 आणि 4 चे संदेश कापतात; ते पेशीतून पेशीत झिरपतात, म्हणून वरून खाली त्यांचे प्रमाण कमी कमी होत जाते. दोन्ही बाजू एकमेकींना हद्दीबाहेर ठेवतात. पानाचे पाते पसरते ते या दोन हद्दी जिथे भेटतात त्या रेषेवरून, वॉक्स गटातल्या जनुकांच्या जोरावर. वेट्स आणि हडसन यांनी 1995 मध्ये स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडाच्या फँटास्टिका उत्परिवर्तीवरून ही कल्पना मांडली: त्यात वरचे अंग हरवते, आणि जिथे पूर्ण हरवते तिथे पान सुईसारखे होते, जिथे थोडे शिल्लक असते तिथे त्या तुकड्याभोवती पात्याची कड उठते. तो तुकडा आणि भोवतीची कड एकदा छेदात पाहिली की हा मुद्दा विसरत नाही. कांद्याची पोकळ पातही अशीच एकाच बाजूची, बाहेरून सगळीकडे खालचे अंग असलेली.

कडांबद्दल थोडक्यात. पेशींचे विभाजन टोकाकडून बुडाकडे थांबत जाते. टीसीपी गटातली जनुके हा थांबा आणतात. त्यांतले एक बिघडले की काय होते हे उत्पल नाथ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये स्नॅपड्रॅगनमध्ये दाखवले: कडा उशिरापर्यंत वाढत राहतात, मधला भाग थांबतो आणि पान चुण्यांनी भरते. कडेचे दाते मात्र पुन्हा त्याच जुन्या युक्तीने येतात. पानाच्या कडेवर पिन-1 ऑक्झिनचे साठे करते आणि दोन दातांमधली खाच सीयूसी-2 जनुक आखते. मायक्रो-आरएनए 164 त्याला आवरते. टोमॅटोसारख्या संयुक्त पानात घुमटावर बंद झालेली नॉक्स जनुके पानात पुन्हा चालू होतात आणि पान जास्त काळ ‘कोवळे’ राहून दले (छोट्या पर्णिका) काढते. वाटाण्यात हे काम नॉक्सकडे नाही, लीफी या जनुकाच्या भावंडाकडे, युनिफोलिएटाकडे आहे. म्हणून एका झाडावरचे निष्कर्ष सरसकट दुसऱ्यावर लावू नका. हातातले पान आहे की दल, याची शंका आली तर बगलेत पाहा: पानाच्या बगलेत डोळा असतो, दलाच्या बगलेत नसतो.

आता त्या दोरीसारख्या पानांच्या कुंड्या. अरुंद पानाचा अर्थ पाते पसरण्याची रेषा बिघडली, आणि ती दोन वेगळ्या वाटांनी बिघडू शकते. टोमॅटोत ‘वायरी’ म्हणून ओळखले जाणारे उत्परिवर्ती आहेत. त्यांत टॅस-3 चे छोटे आरएनए बनत नाहीत, एआरएफ-3 आणि 4 मोकाट सुटतात आणि पाने तारेसारखी येतात. नेमके असेच रूप काकडी मोझेइक विषाणू आणि टोमॅटो मोझेइक विषाणूच्या लागणीत दिसते, आणि ते योगायोगाने नाही. वनस्पतीचे छोटे आरएनए हे विषाणूविरुद्धचे हत्यारही आहे. विषाणू ते हत्यार बोथट करणारी प्रथिने बनवतात आणि पानाची आखणी त्यात भरडली जाते. दुसरी वाट म्हणजे 2,4-डीसारख्या ऑक्झिन-तणनाशकाची वाफ किंवा तुषार. टोमॅटो त्याला फार हळवा आहे. म्हणून तुमची शंका अर्धी बरोबर म्हटले. एनपीए माध्यमात असते, उडून शेजारच्या कुंडीत जात नाही. तुम्ही 2,4-डी त्याच खोलीत तोलत असाल तर मात्र गोष्ट वेगळी.

दोन्ही ओळखायचे तर पाने शेंड्याकडून खाली मोजा. तणनाशकाचा फटका एका दिवसाचा असतो. त्या दिवशी जवळपास पूर्ण पसरलेली पाने चांगली राहतात, फार तर देठ खाली वळतो. त्यावरची, तेव्हा कळीत असलेली तीन-चार पाने बिघडतात: अरुंद, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळ, खोड पिळलेले. मात्रा थोडी असेल तर त्यांच्यावर पुन्हा चांगली पाने येतात. मधेच पट्टा आणि वर-खाली ठीक, हे तणनाशकाचे चिन्ह. आणि तो पट्टा खोलीतल्या सगळ्या कुंड्यांत एकाच क्रमांकाच्या पानांवर असतो. विषाणूत असा शेवट नसतो. लागण झाल्यानंतरचे प्रत्येक नवे पान बिघडते, बहुधा फिके-गडद ठिपके दिसतात, आणि कुंड्या एकेक करून, हाताच्या किंवा माव्याच्या वाटेने, लागतात. तुम्ही ‘काही कुंड्यांत’ म्हणता आणि ‘निघत आहेत’ असे चालू काळात म्हणता, म्हणून माझा कौल विषाणूकडे आहे. वरून दुसऱ्या-तिसऱ्या कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन दोन्ही विषाणूंची पट्टी-चाचणी करा. लागलेली रोपे पिशवीत बांधून बाहेर काढा, आणि चिमटे-सुया ट्रायसोडियम फॉस्फेटच्या 10 टक्के द्रावणात बुडवून घ्या. टोमॅटो मोझेइक स्पर्शाने पसरतो, आणि शेंडे सोलणारा चिमटा तोच असेल तर पुढच्या एनपीएच्या थाळ्यांत अरुंद पाने दिसतील आणि त्यांचे खापर पुन्हा ऑक्झिनवर फुटेल.